संततिनियमनाची गोळी आणि आईचे दूध : पुणे-मुंबई परिसरातील एका प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संततिनियमनाच्या चळवळीचा इतिहास प्रामुख्याने दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग सामाजिक सुधारणेचे असून त्यात र. धों. कर्वे, शकुंतला परांजपे यांचे कार्य आणि त्यांना झालेला विरोध यांचा विचार होतो. दुसरे अंग लोकसंख्याशास्त्राचे असून त्यात जननदर, शस्त्रक्रियांची शिबिरे व शासकीय उद्दिष्टे यांची आकडेवारी येते. या दोन्ही लेखनपरंपरांत एक व्यक्ती मात्र फारशी दिसत नाही. ती म्हणजे आईच्या अंगावर पिणारे मूल. संततिनियमनाची साधने घेणारी स्त्री बहुतेक वेळा नुकतीच बाळंत झालेली असते व तिच्या मांडीवर मूल असते. तिने घेतलेल्या औषधाचा अंश दुधावाटे त्या मुलाच्या शरीरात जातो काय आणि गेल्यास त्याचे काय होते, हा प्रश्न तोंडी गर्भनिरोधक गोळीच्या आगमनानंतर निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा पुणे-मुंबई परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. ज्या गोष्टीची भीती प्रथम वाटली ती आणि संशोधनान्ती जी गोष्ट अधिक चिंतेची ठरली ती, या दोन्ही एक नव्हत्या, हे त्यातून स्पष्ट होते.

स्तन्यविषयक पारंपरिक विचार

आईच्या आहारविहाराचा परिणाम दुधावर व पर्यायाने बाळावर होतो, ही समजूत आधुनिक वैद्यकाने निर्माण केलेली नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात उत्तम स्तन्याची लक्षणे दिलेली आहेत. शुद्ध स्तन्य पाण्यात टाकले असता त्याशी एकरूप होते, ही परीक्षा तेथेच सांगितली आहे. काश्यपसंहिता हा तर कौमारभृत्याचाच ग्रंथ असल्याने तिच्यात स्तन्य व धात्री यांचा विस्ताराने विचार आढळतो. १९३३ साली पुण्यात स्थापन झालेल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांमधून ही परंपरा विसाव्या शतकातही अध्यापनाचा विषय राहिली.

या परंपरेत स्तन्यासंबंधी दोन स्वतंत्र चिंता आढळतात. एक स्तन्यदुष्टीची, म्हणजे दूध बिघडण्याची, आणि दुसरी स्तन्यक्षयाची, म्हणजे दूध कमी होण्याची. सुश्रुतसंहितेत स्तन्यक्षयाची लक्षणे वेगळी नोंदविलेली आहेत. मराठी घरांतील बाळंतिणीच्या आहारातही या दोन्ही चिंतांचे प्रतिबिंब दिसते. आईने खाल्लेले बाळाला बाधेल या भीतीने काही पदार्थ वर्ज्य केले जात, तर दूध वाढावे म्हणून अळिवाची खीर, शतावरी, बाळंतशोपा यांची योजना होत असे. गुण आणि प्रमाण हा भेद घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना चांगला अवगत होता. गर्भनिरोधक गोळीच्या चर्चेत मात्र प्रारंभी यांपैकी पहिल्याच चिंतेने लक्ष वेधून घेतले.

याखेरीज दीर्घकाळ अंगावर पाजणे हे स्वतःच पाळणा लांबविण्याचे एक साधन होते. पाजत्या स्त्रीची मासिक पाळी काही महिने सुरू होत नाही व त्या काळात गर्भधारणेची शक्यता कमी असते. कृत्रिम साधनांचा वापर नगण्य असलेल्या समाजात दोन बाळंतपणांतील अंतर बऱ्याच अंशी यावरच अवलंबून असे. मूल दगावले की पाजणे थांबे आणि पुढील गर्भधारणा लवकर होई. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यू यांची जी पाहणी केली (१९५३ साली प्रसिद्ध), तिच्यासारख्या अभ्यासांमुळे कुटुंबनियोजनाची चर्चा मतामतांच्या गलबल्यातून बाहेर पडून मोजमापाच्या पातळीवर आली. आईचे दूध हे एकाच वेळी मुलाचे अन्न व पुढच्या गर्भधारणेला अडसर अशा दुहेरी स्वरूपाचे आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय गोळीच्या परिणामांचे महत्त्व कळत नाही.

गोळीपूर्वीचा काळ : रक्तात न मिसळणारी साधने

र. धों. कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. त्यांचे शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळे त्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदाचा त्याग करावा लागला. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले व १९५३ साली निधन होईपर्यंत ते नेटाने चालू ठेवले. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यात हेच काम हाती घेतले. पुढे त्या महाराष्ट्र विधान परिषदेच्या (१९५८-६४) व राज्यसभेच्या (१९६४-७०) सदस्य झाल्या. १९९१ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

या पिढीचा युक्तिवाद मुख्यतः मातेच्या आरोग्यावर व स्त्रीच्या स्वातंत्र्यावर उभा होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी मांडलेल्या संततिनियमनविषयक ठरावामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका होती. त्यातही वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीच्या प्रकृतीवर येणारा ताण हाच महत्त्वाचा मुद्दा होता. हा ठराव फेटाळला गेला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या काळातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कर्वे व परांजपे ज्या साधनांचा प्रसार करीत होते, त्या टोप्या, पडदे, रबरी पिशव्या व रासायनिक लेप यांचे कार्य केवळ स्थानिक होते. त्यांतून कोणतेही संप्रेरक रक्तात मिसळत नव्हते, त्यामुळे ते दुधात उतरण्याचा प्रश्नही नव्हता. १९५२ पासून सुरू झालेल्या शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रमातही पुढील दोन दशके शस्त्रक्रिया, १९६५ पासूनची लूप व १९६८ पासूनचा निरोध यांचाच प्राधान्याने प्रसार झाला. म्हणजे ज्या चळवळीचा पाया पुण्या-मुंबईत घातला गेला, तिला जवळजवळ चाळीस वर्षे पाजत्या मुलाचा स्वतंत्र विचार करण्याचे कारणच पडले नव्हते. पुढे गोळी आली तेव्हा या चळवळीजवळ स्त्रीच्या हक्काची भाषा तयार होती, पण आई व मूल या जोडीविषयी बोलण्याची भाषा तयार नव्हती.

गोळीचे आगमन व पहिली भीती

१९६० साली अमेरिकेत एनोव्हिड या गोळीस गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. तिच्यात १० मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल व ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रॅनॉल असे. आजच्या तुलनेत ही मात्रा फारच मोठी होती. १९६४ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका अर्भकाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याची आई ही गोळी घेत असून मुलाला अंगावर पाजत होती आणि त्या मुलग्याची छाती वाढलेली आढळली. आईने घेतलेले संप्रेरक दुधावाटे मुलापर्यंत पोहोचते, हा धोक्याचा इशारा म्हणून या नोंदीचा पुढे वारंवार उल्लेख झाला.

एका मुलाच्या नोंदीवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. नवजात बालकांची छाती आईच्या गर्भावस्थेतील संप्रेरकांमुळेही काही काळ सुजलेली असू शकते. तथापि या नोंदीने एक रास्त शंका उपस्थित केली. अर्भकाचे यकृत पुरते विकसित झालेले नसते व औषधांचा निचरा करण्याची त्याची क्षमता प्रौढांपेक्षा कमी असते. त्यामुळे अल्प मात्राही त्याच्या बाबतीत अल्प मानावी काय, हा प्रश्न गंभीर होता. त्याचे उत्तर केवळ तर्काने मिळणारे नव्हते. त्यासाठी दुधातील व मुलाच्या रक्तातील संप्रेरक प्रत्यक्ष मोजणे आवश्यक होते.

परळच्या प्रयोगशाळेतील मोजमाप

असे मोजमाप १९७० च्या दशकात शक्य झाले. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या साहाय्याने रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची पद्धत तोपर्यंत रूढ झाली होती. स्वीडनमधील निल्सन व त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आईने घेतलेल्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या दैनिक मात्रेपैकी सुमारे ०.१ टक्का अंश दुधावाटे मुलाला मिळतो. आईची मात्रा १५० मायक्रोग्रॅम धरली, तर मुलाच्या वाट्याला दिवसाकाठी सुमारे ०.१५ मायक्रोग्रॅम येतो. इथिनिल इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनच्या बाबतीत हे प्रमाण त्याहूनही कमी आढळले.

याच वर्षी मुंबईतही या विषयावरील महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने परळ येथे १९७० साली स्थापन केलेल्या प्रजनन संशोधन संस्थेत टोडीवाला, जोशी व विरकर यांनी गर्भनिरोधक संप्रेरकांचा मानवी स्तन्यावर होणारा परिणाम अभ्यासला. दुधाचे प्रमाण, त्यातील घटक आणि मुलाची वाढ या गोष्टी त्यांनी एकत्रितपणे विचारात घेतल्या. १९८७ साली परिषदेच्या कृतिगटातर्फे याच परंपरेतील दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिल्यात एका गोळीतून नॉरएथिस्टेरॉन व लेव्होनॉरजेस्ट्रेल मुलाच्या रक्तापर्यंत किती पोहोचतात हे पाहिले गेले. दुसऱ्यात त्वचेखाली बसविण्याच्या कांड्या, संप्रेरकयुक्त गर्भाशयी साधन व लघुगोळी अशा वेगवेगळ्या मार्गांनी दिलेल्या लेव्होनॉरजेस्ट्रेलची तुलना केली गेली. संप्रेरक मुलाच्या रक्तात पोहोचते, पण आईच्या रक्तातील प्रमाणापेक्षा ते फारच कमी असते, असे या अभ्यासांतून दिसून आले. १९९५ साली याच गटाने आणखी दोन प्रश्न हाताळले. लघुगोळी घेणे व मुलाला पाजणे यांत अंतर ठेवण्याची आवश्यकता आहे काय, हा पहिला. आईने दीर्घकाळ औषध घेतल्यास मुलाच्या यकृतातील औषधपचनावर परिणाम होतो काय, हा दुसरा.

या संशोधनाचे ऐतिहासिक महत्त्व आकड्यांपुरते मर्यादित नाही. येथे मुलाची गणना प्रथमच स्वतंत्र रुग्णासारखी झाली. आईचे रक्त, आईचे दूध व मुलाचे रक्त अशी तीन मोजमापे शेजारी शेजारी ठेवली गेली. हे काम परदेशातील निष्कर्षांवर विसंबून न राहता येथील स्त्रिया व मुले यांच्या संदर्भात झाले, हेही नमूद केले पाहिजे. दरम्यान १९८६ साली स्वीडनमधून एक दीर्घकालीन पाठपुरावा प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्या मातांच्या दुधावर वाढलेल्या ४८ मुलांची आठ वर्षे वयापर्यंत पाहणी केली असता इतर मुलांच्या तुलनेत त्यांच्या आरोग्यात वा बौद्धिक वाढीत उणेपणा आढळला नाही. पाहणी लहान होती, तरी पहिली भीती ओसरण्यास तिने हातभार लावला.

दुधाच्या प्रमाणाचा प्रश्न

दुधातील संप्रेरकाविषयीची चिंता कमी होत असतानाच दूध कमी होण्याची बाब पुढे आली. वास्तविक हे ज्ञान नवे नव्हते. गरोदरपणी शरीरात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे प्रमाण मोठे असते व त्यामुळे दूध उतरत नाही. वार पडून गेल्यावर हे प्रमाण झपाट्याने घसरते आणि मग प्रोलॅक्टिनचे कार्य निर्वेधपणे सुरू होऊन दूध येते. १९४० च्या दशकापासून डॉक्टर दूध बंद करण्यासाठी स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन देत असत. जे औषध दूध आटविण्यासाठी वापरले जात होते, त्याच जातीचे द्रव्य संयुक्त गोळीत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने हंगेरी व थायलंड येथे केलेला बहुकेंद्री अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्या स्त्रियांचे दूध अठरा आठवड्यांत ४१.९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीच्या गटात ही घट १२ टक्के, तर संप्रेरकविरहित साधने वापरणाऱ्या गटात ६.१ टक्के होती. मुलांच्या वजनात मात्र गटागटांत लक्षणीय फरक दिसला नाही. दूध अपुरे पडू लागलेल्या माता मुलांना वरचे अन्न देऊन ती तूट भरून काढीत अथवा अभ्यासातून बाहेर पडत, हे त्याचे एक कारण होते.

हा तपशील महाराष्ट्राच्या संदर्भात निर्णायक ठरतो. १९७१ साली भारतातील अर्भकमृत्युदर दर हजारी १२९ इतका होता. जेथे पाणी शुद्ध नाही, बाटली उकळण्यास इंधन पुरत नाही आणि विकतचे दूध पाणी घालून पुरवावे लागते, तेथे वरचे अन्न म्हणजे अतिसाराला निमंत्रण ठरे. शिशुदुग्धपर्यायांच्या विक्रीवर व जाहिरातीवर नियंत्रण आणणारा कायदा भारतात १९९२ साली झाला, तो याच अनुभवातून. सुस्थित घरातील मुलाला आईच्या दुधातील घट भरून काढता येत होती. वस्तीतील वा दुष्काळी गावातील मुलाला ती तितक्या सहजी भरून काढता येत नव्हती. एकाच गोळीचा परिणाम त्यामुळे घराघरांत वेगळा होऊ शकत होता. प्रश्न रसायनशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही होता. शिवाय वरचे अन्न सुरू झाल्यावर पाजण्याची वारंवारता कमी होते व त्यातून मिळणारे नैसर्गिक संरक्षणही सुटते.

१९८७ साली माला-डी ही अल्पमोली व माला-एन ही मोफत गोळी शासकीय कार्यक्रमात प्रचारात आली. या दोन्ही गोळ्या इस्ट्रोजेनयुक्त संयुक्त प्रकारच्या आहेत. म्हणजे गोळीचा सार्वत्रिक प्रसार सुरू झाला तेव्हा १९८४ चे निष्कर्ष उपलब्ध होते. म्हणून गोळी कोणती आहे याइतकेच ती कोणाला व बाळंतपणानंतर केव्हा दिली जाते, याला महत्त्व प्राप्त झाले. पुण्यात हा विचार शहरी रुग्णालयापुरता राहून चालणार नव्हता. डॉ. बानू कोयाजी १९४४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात रुजू झाल्या, तेव्हा ते ४० खाटांचे प्रसूतिगृह होते. १९७० च्या दशकात त्यांनी वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला व गावातील स्त्रीपुरुषांनाच आरोग्यसेवक म्हणून तयार केले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. या कार्यपद्धतीत माता, मूल व कुटुंबनियोजन ही तीन खाती वेगळी मानलेली नव्हती. पाजत्या आईला कोणते साधन द्यावे, याचा निर्णय मुलाचे वजन करणाऱ्या व्यक्तीच्या नजरेसमोरच व्हावा, हा तिचा स्वाभाविक निष्कर्ष होता.

माहिती व संमती यांचा प्रश्न

प्रयोगशाळेतील उत्तरे समाधानकारक असली तरी ती संबंधित स्त्रीपर्यंत पोहोचतात काय, हा प्रश्न उरतोच. १९८५ साली आंध्र प्रदेशातील पटनचेरू येथे नेट-एन या संप्रेरकयुक्त इंजेक्शनच्या चाचणीत स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली नसल्याचा आक्षेप घेण्यात आला. १९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली व इतर संघटना यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. इंजेक्शन एकदा दिले की त्याचा परिणाम परत घेता येत नाही. गोळी मात्र दुसऱ्या दिवशी थांबविता येते. पाजत्या स्त्रीच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. २००० साली हे प्रकरण निकाली निघाले, तेव्हा कुटुंबनियोजन कार्यक्रमात नेट-एनचा सरसकट वापर करण्याचा इरादा नसल्याचे शासनाने सांगितले.

वैद्यकीय निकषही क्रमाक्रमाने निश्चित होत गेले. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत असे मत नोंदविण्यात आले की मूल पूर्णपणे वा जवळजवळ पूर्णपणे अंगावर पीत असेल, आईची पाळी सुरू झाली नसेल व मूल सहा महिन्यांच्या आतील असेल, तर गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. परंपरेने जे अनुभवाने जाणले होते, त्याला अशा रीतीने काटेकोर अटी मिळाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या निकषांनुसार पाजत्या स्त्रीने पहिले सहा आठवडे संयुक्त गोळी मुळीच घेऊ नये व सहा महिन्यांपर्यंत सामान्यतः टाळावी. केवळ प्रोजेस्टोजेन असलेली गोळी तिला घेता येते. डेपो इंजेक्शन मात्र सहा आठवड्यांनंतर द्यावे, असे हे निकष सांगतात. त्याच वर्षीच्या कॉक्रेन समीक्षेने या विषयावरील चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी पूर्णपणे जुळत नसल्याचे व पुरावा मर्यादित असल्याचे नोंदविले. तेव्हा हे निकष सावधगिरीचे आहेत. अंतिम सत्य म्हणून त्यांकडे पाहता येत नाही.

२०१७ साली 'अंतरा' हे डेपो इंजेक्शन व लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेली 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळी शासकीय कार्यक्रमात दाखल झाली. पाजत्या मातेसमोरील पर्याय त्यामुळे वाढले. पर्याय वाढले की समजावून सांगण्याची जबाबदारीही वाढते. संयुक्त गोळी, लघुगोळी, इंजेक्शन व संप्रेरकविरहित गोळी यांतील भेद तिला तिच्या भाषेत सांगितला गेला नाही, तर निवड तिची राहत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पुण्या-मुंबईत रुजलेली संततिनियमनाची चळवळ स्त्रीच्या आरोग्याच्या व स्वातंत्र्याच्या भूमिकेवर उभी राहिली. तिची प्रारंभीची साधने स्थानिक स्वरूपाची असल्याने पाजत्या मुलाचा प्रश्न तिच्यापुढे आला नाही. गोळीच्या आगमनानंतर दूध दूषित होण्याची भीती प्रथम व्यक्त झाली. परळ येथील संशोधकांनी परदेशातील संशोधकांच्या बरोबरीने मोजमाप करून ती बऱ्याच अंशी दूर केली. मात्र त्याच काळात संयुक्त गोळीमुळे दूध घटण्याची शक्यता अधिक महत्त्वाची असल्याचे दिसून आले. जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर लोकांना चिंता स्तन्यदुष्टीची होती, पण जपावयाचे होते ते स्तन्यक्षयापासून. ही हानी मोजपट्टीवर सर्व मुलांना सारखी असली, तरी प्रत्यक्षात ती गरिबाच्या मुलाला अधिक भोवणारी होती.

कर्वे व परांजपे यांनी अपत्य केव्हा व्हावे हे ठरविण्याचा स्त्रीचा अधिकार मांडला. झालेल्या अपत्याच्या तोंडचे दूध न तुटता तो अधिकार बजावता येणे ही त्याच विचाराची पुढची पायरी होय. ती गाठण्यासाठी आवश्यक असलेले बरेचसे ज्ञान आज उपलब्ध आहे. प्रसूतिगृहातून घरी जाणाऱ्या प्रत्येक मातेला ते मिळते किंवा नाही, यावरच या इतिहासाचे पुढील प्रकरण अवलंबून राहील.